वेल्समधला नवा मतदारसंघ

प्रश्न : २०२४ च्या ब्रिटिश निवडणुकीत वेल्समध्ये कायरव्हर्दिन हा नवा मतदारसंघ आला. तो कसा घडला?
– एक वाचक, शिराळा (जि. सांगली)

उत्तर : ॲंगलसी बेटाचा अपवाद वगळता वेल्समधील प्रत्येक मतदारसंघात ६९,७२४ ते ७७,०६२ मतदार असावेत, असे बंधन आल्यामुळे तिथल्या जागा ४० वरून ३२ झाल्या आणि कारमार्दन परिसरातील दोन जुन्या मतदारसंघांचे भाग जोडून हा नवा घडवला गेला. प्लाइड कम्री या वेल्समधील राष्ट्रवादी पक्षाच्या ॲन डेव्हिस तिथून निवडून आल्या; हुजूर पक्षाचे मुख्य प्रतोद सायमन हार्ट पराभूत झाले. मताचे वजन सर्वत्र सारखे असावे, हे तत्त्व मला मनापासून पटते. मात्र २००८ च्या पुनर्रचनेनंतर आपण शिराळकर जिल्हा सांगली असूनही खासदार हातकणंगल्याचा निवडता, तेव्हा अशा फेरआखणीने मतदाराची जी ओढाताण होते, ती आपणांस वेगळी सांगायला नको.