अंदाज जोखण्याचं शास्त्र शिकायला कुठे जायचं?

सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते काजूबियांची घाऊक खरेदी करतात. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणितात हुशार आहे. लोकांकडून आणि यंत्रांकडून अंदाज कसे काढून घ्यायचे व ते कसे तपासायचे, हे तिला अर्थशास्त्र आणि मशीन लर्निंगच्या (संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्याच्या शास्त्राच्या) अंगाने शिकायचं आहे. वडील विचारतात: हा खरंच अभ्यासाचा विषय आहे, की सट्ट्याचंच दुसरं नाव? आणि इंजिनिअरिंग सोडून यात पोट भरेल का?

सप्रेम नमस्कार,

विषय खरा आहे, आणि तुमच्या धंद्यात तो रोज तुमच्यासमोर असतो. हंगामात तुम्ही गावोगावच्या खरेदीदारांना विचारता, पुढच्या आठवड्यात दर चढेल का? ज्याच्याकडे माल पडून आहे तो म्हणतो, नक्की चढणार. ज्याला अजून माल घ्यायचा आहे तो म्हणतो, पडणार. मनातलं कुणी सांगत नाही, आणि चुकलं तरी कुणाचं काही जात नाही. माणसाला मनातलं सांगणंच फायद्याचं ठरेल अशी गुण देण्याची पद्धत कशी आखायची, यावर गेल्या पाऊणशे वर्षांत भक्कम गणित उभं राहिलं आहे.

1950 साली ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने एक साधा नियम मांडला. गोष्ट घडली तर 1, नाही घडली तर 0. सांगितलेल्या शक्यतेचं त्यापासूनचं अंतर काढायचं आणि त्याचा वर्ग हा दंड. समजा एखाद्याला मनातून दर चढण्याची शक्यता 70 टक्के वाटते. त्याने 0.7 असंच सांगितलं, तर त्याच्या स्वतःच्या हिशेबाने (दहात सात वेळा 0.09, तीन वेळा 0.49) सरासरी दंड 0.21 बसतो. छातीठोकपणे ‘शंभर टक्के चढणार’ म्हणाला, तर 0.30. आता वर्ग न करता नुसतं अंतर मोजून पाहा. खरं सांगणाऱ्याला 0.42 आणि छातीठोक माणसाला 0.30! गुण द्यायची रीत चुकली की प्रामाणिक माणूसच मार खातो. मला या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण बाजारात, कचेरीत, टीव्हीवरच्या चर्चेत आपण सर्रास याच चुकलेल्या रीतीने माणसं निवडतो. वर्गाच्या नियमात खरं सांगणंच नेहमी सर्वांत स्वस्त का पडतं, हे लेकीला बारावीच्या डेरिव्हेटिव्हने सिद्ध करता येईल. करायला सांगा. तिला त्यात गोडी वाटली, तर माझं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

मशीन लर्निंगमध्येही हेच घराणं आहे. वाक्यातला पुढचा शब्द सांगणारं मॉडेल शिकवताना क्रॉस-एन्ट्रॉपी नावाचा दंड लावतात, तो लॉगरिदमवर बेतलेला. मॉडेलने ‘अशक्य’ ठरवलेली गोष्ट घडली तर तो दंड अनंत होतो. म्हणून मॉडेलला शून्य शक्यता सांगणं परवडत नाही.

पण नुसता अंदाज बरोबर येणं पुरेसं नाही. जुलैत वाळपईत ‘उद्या पाऊस’ असं रोज म्हणणारा बहुतेक दिवशी बरोबरच ठरतो, आणि त्याचा कुणाला उपयोग नसतो. 70 टक्के म्हटलेल्या दिवसांपैकी साधारण दहात सात दिवस पाऊस पडला, तर आकडे विश्वासार्ह. त्याउपर, नेहमीच्या सरासरीपेक्षा अंदाजाने जास्त काय सांगितलं हे पाहावं लागतं. खरी कसोटी मेच्या शेवटी लागते, जेव्हा पाऊस येईल की नाही याचा नेम नसतो.

आता सट्ट्याचं. तुमची काळजी रास्त आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने 1988 पासून निवडणुकांच्या निकालांवर लहान रकमांचा बाजार चालवला, तो संशोधनासाठी. लोकांची विखुरलेली माहिती भावातून कशी एकत्र येते, हे त्यातून अभ्यासलं गेलं. मात्र त्याचा दाखला देऊन कुणी मोबाइलवरच्या पैशाच्या ॲपकडे बोट दाखवलं, तर मुलीला स्पष्ट नाही म्हणा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. अभ्यासाला पैसे लावावे लागत नाहीत, गुण पुरतात. रिझर्व्ह बँक 2007 पासून व्यावसायिक अंदाजकर्त्यांकडून विकासदर आणि महागाईचे अंदाज मागवते. नुसता एक आकडा घेत नाही. कोणत्या पट्ट्यात किती शक्यता, हेही विचारते.

शिक्षणाचं बोलायचं तर पाया संख्याशास्त्राचा हवा. माझी पहिली पसंती कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या बी.स्टॅट. या संख्याशास्त्राच्या पदवीला. त्याची प्रवेश परीक्षा जेईईपेक्षा वेगळी आहे, तिथे पाठांतर चालत नाही. चेन्नईची मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटही तशीच उत्तम. गोव्यातच ठेवायचं असेल, तर झुआरीनगरच्या बिट्समध्ये अर्थशास्त्राची एम.एस्सी. बी.ई.सोबत करता येते. फी जड आहे, तो हिशेब आधी करा. हे काहीच जमलं नाही, तरी जवळच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. आणि पुढे संख्याशास्त्रात एम.एस्सी., हा रस्ता मुळीच कमी प्रतीचा नाही. ‘सहा महिन्यांत एआय’ छापाच्या क्लासवर मात्र एक रुपया घालवू नका.

नोकऱ्या आहेत: यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा, रिझर्व्ह बँकेचा सांख्यिकी विभाग, हवामान खातं, विमा कंपन्या, बँकांमधली जोखीम मोजणारी खाती, ऑनलाइन विक्रीतली मागणीची भाकितं. यांतल्या बऱ्याच ठिकाणी पदव्युत्तर पदवी लागते, म्हणजे पाच वर्षं धीर धरायची तयारी हवी. इंजिनिअरिंगइतकी लवकर कमाई सुरू होणार नाही, हे मी लपवत नाही.

या हंगामात एक काम करा. दर शनिवारी तुम्ही, तुमचे दोन खरेदीदार आणि मुलगी, चौघांनी एकमेकांना न दाखवता चिठ्ठीवर लिहायचं: पुढच्या शनिवारी गोवा बागायतदार या सहकारी संस्थेचा काजूबियांचा दर आजच्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता किती टक्के? प्रश्न इतका नेमका हवा की नंतर वाद उरू नये. ब्रायरच्या वर्गाच्या नियमाने दंड मुलीने मोजायचा आणि वहीत मांडायचा. पाचवा गडी म्हणून दरवेळी 50 टक्के म्हणणारा एक कोरा अंदाज ठेवायचा, आणि त्याला कोण हरवतं ते मेअखेर पाहायचं. ती वही घेऊन मुलीला मला भेटायला पाठवा. प्रवेश परीक्षांचे अर्ज मात्र त्याआधीच भरावे लागतील. तारखा संस्थांच्या संकेतस्थळांवर आत्ताच बघून ठेवा.