वाचकांचे प्रश्न: पडून राहिलेली अ‍ॅल्युमिनियमची बोट आणि तिची जुनी आउटबोर्ड मोटर

या वेळी जुन्या अ‍ॅल्युमिनियम बोटी आणि त्यांच्या आउटबोर्ड मोटरींबद्दल (बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन) इतकी पत्रं आलीत की अख्खा कॉलम त्यांनाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: चौदा फुटी रिव्हेटवाली बोट मिळालीय, 1950 च्या दशकातली असावी. बरीच वर्षं उघड्यावर होती, आत चिखल, पानं, कुजलेल्या फळ्या. पाण्यात टाकली की तळातून पाणी येतं. मित्र म्हणतो आतून जाड सीलंट फासून टाक, वर रंग मार, झालं. एवढं पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार, आणि कृपा करून ते सीलंट फासू नका. इतक्या बोटी बघून माझं मत पक्कं झालंय, नुसती पडून राहून अशी बोट जेवढी खराब होत नाही तेवढी घाईच्या दुरुस्तीने होते. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की त्याच्यावर आपोआप ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. महायुद्ध संपताना विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने पत्रा आणि रिव्हेटच्या त्याच हातखंड्यावर कॅनू बनवायला घेतल्या, त्यातल्या कितीतरी आजही पाण्यावर आहेत. तुमच्या बोटीचा पत्राही बहुतेक ठणठणीत असेल, ढिले झाले असतील ते रिव्हेट.

आधी बोट पूर्ण रिकामी करा. सीटखालचा जुना फोम बाहेर काढून हातात उचलून बघा, जड लागला तर त्यात पाणी मुरलंय, तो फेकायचा पण त्याच्या जागी नवा फोम घालायचाच, कारण बोट उलटली तर तिला तरंगत ठेवणारं तेवढंच आहे. मग साबणाचं पाणी आणि प्लास्टिकचा ब्रश. लोखंडी तारेचा ब्रश नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो. कॉस्टिक सोडा असलेलं काहीही नको, ते अ‍ॅल्युमिनियमच खातं. चिखल धुताना बोटांनी चाचपत जा, गळाचे शिसे, स्क्रू, नाणी निघतात. तांब्याचं एक नाणं ओल्या पानांखाली पत्र्याला चिकटून राहिलं ना, तर बरोबर त्याच्याखाली पांढरी भुकटी आणि खड्डा सापडतो, कधी कधी आरपार भोकसुद्धा.

आता गळती शोधायची. बोट स्टँडवर किंवा ट्रेलरवर घ्या, खाली तीन-चार ठिकाणी नीट टेकू द्या आणि आत हळूहळू पाणी भरा. दोन-तीन इंच बास, कारण एक लिटर म्हणजे एक किलो, चौदा फुटी बोटीत चार इंच पाणी भरलं तर वजन सहज साडेतीनशे-चारशे किलोच्या घरात जातं आणि टेकू कमी असतील तर तळ वाकतो. मग खाली जा आणि जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल करत चला. पाणी काढून, वाळवून रिव्हेट परत आवळायचे, याला दोन माणसं लागतात, एकाने आतून रिव्हेटच्या शेपटीवर जड पोलादी ठोकळा घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून डोक्यावर सेट (रिव्हेटच्या डोक्यावर बसणारी पोलादी ठोकणी) ठेवून हातोडी मारायची. हलके, सरळ ठोके. बरेचसे एवढ्यानेच थांबतात. जो तरीही फिरतो किंवा ज्याचं डोकं झिजलंय तो ड्रिलने काढा आणि भोक मोठं झालं असेल तर एक माप मोठा भरीव रिव्हेट पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून बसवा. आतून हात पोचतच नाही अशा जागी पॉप रिव्हेट चालेल पण तो बंद टोकाचा हवा, साधा पोकळ पॉप रिव्हेट मधल्या भोकातून पाणी आत घेतो.

सगळं आवळून झाल्यावर जोडांवर पातळ इपॉक्सी सीलर लावायला माझी हरकत नाही. जाड थर फासला की रिव्हेट त्याच्याखाली हलतच राहतो, पाणी थराच्या आत अडकतं, पत्रा तिथे आतल्या आत पोखरला जातो, आणि पुढे खरं काम करायला बसाल तेव्हा तो थर खरवडण्यातच जीव जातो.

प्रश्न: मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्समचं प्लायवुड, हाताने चुरा होतंय. परत कुजू नये म्हणून ट्रीटेड प्लाय वापरू का?

उत्तर: अजिबात नको. ट्रीटेड लाकडात तांब्याची रसायनं असतात. अमेरिकेत 2003 संपता संपता घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकवालं मिश्रण गेलं आणि त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांत तांबं आणखी जास्त आहे. ओलं झालं की तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून बॅटरीच तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम मरतं. लाकूड टिकेल, बोट नाही टिकणार.

मरीन प्लाय घ्या. जुन्या फळीचे तुकडे फेकण्याआधी जुळवून कागदावर आकार काढून ठेवा, चुरा झालेला असला तरी तोच तुमचा साचा आहे. जाडी जुन्या फळीवरून मोजा, साधारण दीड इंच निघते, म्हणजे पाऊण इंचाचे दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवून दाबून ठेवायचे. बाहेरून सगळीकडे इपॉक्सी, कडांना दोन-तीन हात जास्त, कारण पाणी कडेतूनच पितं. बोल्टची भोकं आधी मोठी पाडा, इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातून बरोबर मापाचं भोक पाडा, म्हणजे बोल्टजवळ कुठेही उघडं लाकूड राहत नाही. बोल्ट स्टेनलेसचे, आणि पत्र्याला लागतात तिथे गंजरोधक पेस्ट. फळी बसवण्याआधी तिच्या मागचा पत्रा बघायला विसरू नका, पांढरी भुकटी आणि खड्डे तिथेच सगळ्यात जास्त असतात.

प्रश्न: रंगाचं काय?

उत्तर: रंग सगळ्यात शेवटी. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडं घासू नका, ओला पॉलिश पेपर आणि मास्क. उघड्या पत्र्यावर सेल्फ-एचिंग प्रायमर (पत्र्याला किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला हात) लागतोच, त्याशिवाय रंग सालीसारखा सुटतो, आणि प्रायमर घासल्यावर लगेच त्याच दिवशी मारा. शेवाळ धरू नये म्हणून तळाला मारतात ते तांबंवाले रंग या बोटीला लावायचे नाहीत, कारण वर सांगितलंच.

प्रश्न: बोटीबरोबर 10 हॉर्सपॉवरची जॉन्सन मोटर आलीय, 1950 च्या दशकाच्या शेवटची. दोरी ओढली तर फिरते पण स्पार्क नाही. आता पार्ट मिळतील का, की नादच सोडू?

उत्तर: नाद सोडू नका! ओले एव्हिनरूडने 1909 मध्ये मिलवॉकीत आउटबोर्ड विकायला सुरुवात केली, आणि 1936 पर्यंत एव्हिनरूड आणि जॉन्सन या दोन्ही कंपन्या एका छपराखाली आल्या, त्याच कंपनीचं नाव पुढे आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन झालं. तुमच्या मोटरीच्या काळापर्यंत दोन्हींची आतली मशिनरी जवळपास सारखीच होती, म्हणून पार्ट शोधताना एव्हिनरूडच्या त्याच वर्षाच्या मॉडेलचेही बघा. ती कंपनी 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली तरी स्पार्कचे भाग म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, आणि पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चक्र म्हणजे इम्पेलर, दुसरे लोक अजून बनवतात, एकच कॉइल कितीतरी वर्षांच्या मोटरींना बसते.

पण पार्ट मागवण्याआधी पैसे टाकण्यालायक मोटर आहे का ते बघा. प्लग काढा, दोन्ही सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, हाताने फिरवा, मग कॉम्प्रेशन मोजा. आकडा जुन्या मोटरींत कमीच असतो, त्याने घाबरू नका, दोन्ही सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा हे महत्त्वाचं.

ते ठीक असेल तर फ्लायव्हील, म्हणजे मोटरीच्या वरचं जड चाक, काढायचं. त्याच्या वर तीन आटे पाडलेली भोकं असतात, पुलरचे बोल्ट तिथेच लावायचे, कडेला जबड्याचा पुलर किंवा पहार घालून उचकटलं तर फ्लायव्हील वाकतं. खाली कॉइल दिसतील, त्यांच्या प्लास्टिकला तडे गेलेले असणार, या मोटरींचं हे नेहमीचंच दुखणं, दोन्ही बदला. नवीन बसवताना कॉइलच्या लोखंडी पट्ट्यांची कड खालच्या प्लेटवरच्या उंचवट्याच्या कडेशी बरोबर जुळवा, कडेवरून हाताचं बोट फिरवून बघा, पायरी लागता कामा नये. बाहेर आली तर फ्लायव्हीलला घासते, आत गेली तर स्पार्क कमजोर. पॉइंटची, म्हणजे उघड-बंद होऊन स्पार्क पाडणाऱ्या संपर्कांची, गॅप 0.020 इंच. आणि इथे बरेच लोक अडकतात, नव्या फीलर गेजला (गॅप मोजायच्या पातळ पट्टीला) तेलाचा पातळ थर असतो, तो पॉइंटवर लागला की सगळं नवीन असूनही स्पार्क येत नाही. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला जाड कागद पॉइंटमधून दोनदा ओढून घ्या. पाव इंचाच्या गॅपवरून निळा स्पार्क उडी मारतोय म्हणजे जमलं.

कार्ब्युरेटर उघडाल तेव्हा फ्लोट बुचाचा असेल तर नीट बघा, त्याच्यावरचा शेलॅकचा थर हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने विरघळतो आणि बूच पेट्रोल पिऊन बुडतं.

प्रश्न: माझ्या टाकीला दोन नळ्या आहेत, एक कापून टाकू का?

उत्तर: थांबा, कापू नका! त्या मोटरींत फ्युएल पंपच नाही. एका नळीतून मोटर टाकीत हवेचा दाब भरते आणि त्या दाबाने दुसरीतून पेट्रोल वर चढतं. झाकणाचं गॅसकेट आणि नळ्या नवीन घातल्या तर व्यवस्थित चालते, फक्त दाब सोडल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, पेट्रोल अंगावर उडतं. मला स्वतःला दाबाखालच्या जुन्या टाकीत पेट्रोल ठेवणं पटत नाही. क्रँककेसच्या (इंजिनाच्या आतल्या बंद कप्प्याच्या) दाबावर चालणारा छोटा पंप बसवून घ्या, मग एका नळीची साधी टाकी चालते.

प्रश्न: पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं? 50:1, म्हणजे 50 भाग पेट्रोलला 1 भाग तेल, चालेल?

उत्तर: 1964 च्या आधीच्या जॉन्सन-एव्हिनरूडला 24:1 द्या, म्हणजे लिटरला साधारण 42 मिली. तेल टीसी-डब्ल्यू3 (पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरींच्या तेलाची खूण) लिहिलेलंच. चेनसॉचं तेल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, इथे नको.

प्रश्न: गिअरचं तेल बदलायचंय आणि प्रोपेलरची पिन तुटलीय, सध्या खिळा घातलाय.

उत्तर: खिळा आजच काढा. पिन मुद्दाम नरम असते, प्रोपेलर दगडावर आपटला की ती तुटते आणि गिअर वाचतात. खिळा तुटणार नाही, गिअर तुटेल, आणि त्या वयाचे गिअर मिळवणं फार अवघड. खऱ्या दोन पिना आणि एक पक्कड बोटीतच ठेवा. तेल काढताना मोठ्या सपाट खाचेचे स्क्रू उघडा, त्यांच्याजवळ काही मॉडेलमध्ये अधिक चिन्हाचा छोटा स्क्रू असतो, त्याला हात लावू नका, तो निघाला तर आतला शिफ्टचा भाग सुटतो आणि सगळं खालचं युनिट खोलावं लागतं. तेल दुधाळ निघालं तर सील गेलेत. नवीन तेल खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत, मग आधी वरचा स्क्रू लावा आणि नंतर खालचा. वॉशर नवीन.

प्रश्न: सगळं झालं. पहिल्यांदा चालू कशी करू?

उत्तर: इम्पेलर बदललाय ना? नसेल तर आधी तो, जुनं रबर दिसायला चांगलं असलं तरी पाती एका बाजूला वळून कडक झालेली असतात. मोटर मोठ्या ड्रममध्ये, पाणी पंपाच्या बरंच वर. कोरडी एक सेकंदही फिरवू नका. आजच्या मोटरींसारखी पाण्याची धार या मोटरीतून दिसणार नाही, मोटरीच्या पायाच्या, म्हणजे पाण्यात जाणाऱ्या उभ्या भागाच्या, मागच्या भोकांतून धुराबरोबर पाण्याचे तुषार यायला हवेत. मिनिटभर चालली की सिलिंडर हेडवर पाण्याचे थेंब टाका. चर्र झालं तर लगेच बंद. अशा वेळी इम्पेलरला दोष देण्याआधी खालचं युनिट परत काढून बघा, वर जाणारी लांब पाण्याची नळी पंपाच्या रबरी तोंडात बसलेलीच नसते, युनिट वर ढकलताना ती बाजूला सरकते. रबराला थोडं ग्रीस लावा, टॉर्च धरून नळी तोंडात जाताना डोळ्यांनी बघा, आणि मगच बोल्ट आवळा.