कोकणातल्या दमट हवेत वैमानिकांची जुनी लष्करी हेल्मेटं जमवता येतील का? पहिलं कोणतं घ्यावं?

तुम्ही देवगडला समुद्राच्या अगदी जवळ राहता, मिग-२१ च्या वैमानिकाचं हेल्मेट घ्यायचं मनात आहे आणि पावसाळ्यात ते खराब होईल अशी धास्ती आहे, असं प्रश्नात लिहिलंय. मी वेंगुर्ल्यात राहतो आणि हाच छंद जपतो. हेल्मेटं नक्की जमवता येतील. फक्त पहिलं निवडताना विमानाचं नाव बाजूला ठेवा आणि हेल्मेट आतून कशाचं बनलंय ते बघा. आपल्याकडे कोणतं हेल्मेट जगेल हे त्याच्या अस्तरावर ठरतं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत वैमानिक मऊ चामड्याचं किंवा कापडाचं हेल्मेट घालत. कानाशी इयरफोन धरून ठेवायचे, ऑक्सिजन मास्क अडकवायचा आणि थंडी अडवायची, एवढंच त्याचं काम. डोक्याला मार लागला तर त्याचा फारसा उपयोग नसे. जेट विमानं आली तशी वेगातल्या हादऱ्यांनी डोकी कॉकपिटच्या छताला आपटू लागली, शिवाय इजेक्शन सीटने बाहेर फेकलं गेल्यावर वाऱ्याचा तडाखा बसायचा तो वेगळाच. म्हणून १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कडक कवचाची हेल्मेटं आली. अमेरिकी हवाई दलाची पी मालिका, नौदलाचं एपीएच-५ आणि बऱ्याच पुढचं एचजीयू-५५ ही त्याच घराण्यातली.

नवखे लोक या कडक हेल्मेटांकडे आधी वळतात, कारण ती मजबूत दिसतात. फायबरग्लासचं कवच खरोखरच मजबूत असतं, त्याला पाऊस काही करत नाही. अडचण आतल्या स्पंजची. अनेक हेल्मेटांत गादी पॉलियुरेथेन फोमची असते आणि दमट हवेत त्या फोमची रासायनिक घडणच तुटत जाते. आधी तो चिकट होतो, मग बोट लावलं की भुगा पडतो. यावर इलाज नाही, फक्त वेग कमी करता येतो. थर्माकोलसारख्या पॉलिस्टायरिनचं अस्तर मात्र ओलाव्याला दाद देत नाही. म्हणून विकणाऱ्याकडे बाहेरच्या रंगाचे दहा फोटो मागण्याऐवजी आतल्या अस्तराचा एक जवळून काढलेला फोटो मागा आणि फोम दाबून बघायला सांगा. दाबलेला खळगा वर आला नाही तर ते हेल्मेट सोडून द्या.

ब्रिटिश हेल्मेटांत टाइप बी आणि टाइप सी ही दोन चामडी नावं सतत कानावर येतील. बी ला कानांवर चेन असलेले मोठे गुबगुबीत कप्पे असतात. १९४१ च्या सुमारास आलेल्या सी मध्ये त्यांच्या जागी रबराच्या वाट्या आल्या आणि ते रबर आता बहुतेक ठिकाणी कडक होऊन तडकलेलं असतं. टाइप डी हे सी चंच उष्ण प्रदेशांसाठी केलेलं खाकी सुती रूप. संग्राहक त्याला जरा कमी लेखतात, पण मला ते फार प्रिय आहे. आपल्या हवेत कापड सांभाळणं चामड्यापेक्षा सोपं जातं.

तुम्हाला मिग-२१ चं हवंय, तर सोव्हिएत पद्धत समजून घ्या. मिगच्या वैमानिकांचं झेडएसएच-३ हे एकच हेल्मेट नसून जोडी आहे. आत चामड्याची टोपी, तिच्यात इयरफोन आणि गळ्याशी बसणारे दोन थ्रोट माइक, आणि त्यावर चढवायचं कडक कवच. नुसतं कवच विकायला आलं तर ती अर्धीच वस्तू आहे, भावही तसाच द्या. खूप उंचावरच्या उड्डाणांसाठी प्रेशर सूटसोबत, म्हणजे अंगावर दाब राखणाऱ्या पोशाखासोबत, घालायचं जीएसएच-६ हे पूर्ण बंद हेल्मेट वेगळं. दिसायला ते भारी असलं तरी त्यात रबर भरपूर आणि सांभाळणं कठीण, पहिल्या खरेदीला ते नको. मिग-२१ आपल्या हवाई दलात १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं, त्यामुळे हे नाव जोडलं की गिऱ्हाईक भुलतं हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. काळ्या कापडाचं, डोक्यावर जाड गाद्यांच्या उभ्या पट्ट्या असलेलं हेल्मेट ‘रशियन पायलट’ म्हणून दाखवलं तर ते रणगाड्यातल्या सैनिकाचं असतं. चिनी हवाई दलाची टीके मालिकेतली हेल्मेटंही मिगची म्हणून खपवतात. ती खोटी नाहीत, पण त्यांची ओळख खरी सांगायला हवी आणि भाव त्या ओळखीचा असायला हवा.

आता साठवण. खरेदीच्या आधी हेच करा. आगोटीची तयारी करतो तेव्हाच हेल्मेटांचीही करायची. जांभ्याच्या भिंतीतलं कपाट, माळा आणि पडवी या तिन्ही जागा बाद. हवेतला ओलावा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की चामड्यावर बुरशी धरते आणि आषाढात आपल्याकडे तो ८० च्या खाली क्वचितच येतो. झाकणाला रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत ओलावा शोषणारे सिलिका जेलचे नारिंगी दाणे आणि ओलावा मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, एवढ्यावर काम भागतं. आकडा ४५ ते ५५ च्या मध्ये ठेवा. कॅमेऱ्यांसाठीचं विजेवरचं ड्राय कॅबिनेट चांगलं असतं, पण पावसात वीज जाते तेव्हा डबाच कामी येतो. नारिंगी जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर वाळवून परत वापरा. हेल्मेटाच्या आत धुतलेलं, बिनरंगाचं सुती कापड भरा. वर्तमानपत्राचा बोळा नको, त्या कागदात आम्ल असतं.

डांबरगोळ्या मात्र कटाक्षाने टाळा. आपल्या घरांत प्रत्येक कपाटात त्या असतात, पण नॅफ्थॅलिनच्या वाफेने थर्माकोलचं अस्तर आणि काही प्लास्टिकं मऊ पडतात. खोबरेलही लावू नका. चामडं कोरडं दिसलं की घरातलं कोणीतरी हमखास तेल लावायला सांगतं. तेलाने चामडं काळवंडतं, बुरशीला खाद्य मिळतं आणि पितळ कळकतं. हनुवटीच्या पट्ट्याचं बक्कल आणि रिव्हेटा भिंगातून बघा: चामडं जिथे पितळेला टेकतं तिथे हिरवे, मेणचट दाणे साठलेले दिसतील. चामड्यातली चरबी आणि तांबं यांच्या संयोगातून ते तयार होतात. उदबत्तीची बांबूची काडी तासून टोकदार करा आणि हलक्या हाताने ते खरवडून काढा. सुई किंवा पिन वापरली तर पितळेवर ओरखडे उठतात. काचेला, म्हणजे व्हायझरला, काचा पुसायचा स्प्रे किंवा स्पिरिट लावू नका. जुन्या ॲक्रिलिकवर त्याने केसासारख्या बारीक भेगा पडतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे. उन्हात वाळवायचा मोहही आवरा, रबर आणि काच दोन्ही उन्हाने जातात.

वस्तू बघायला लांब जायची गरज नाही. गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळो रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, ते १९९८ मध्ये सुरू झालं. तिथे प्रोपेलरचं ॲलिझे, जेट सी हॉक आणि सी हॅरियर अशी विमानं मांडलेली आहेत. सी हॉकच्या कॉकपिटची रुंदी बघा, म्हणजे आत बसणाऱ्याला कडक हेल्मेट का लागलं ते लगेच ध्यानात येईल.

भारतीय दलांचा शिक्का असलेली अलीकडची वस्तू समोर आली तर ती लिलावातून रीतसर विकल्याचा कागद मागा. कागद नसेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. अमेरिकी हेल्मेटांत निशाणा दाखवणारी यंत्रणा किंवा रात्रीच्या दुर्बिणीचा भाग बसवलेला असेल तर त्याच्या निर्यातीवर निर्बंध असतात, तिकडे वळूच नका. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि पोस्टाचा खर्च आधी किमतीत धरा.

तुमच्यासाठी पहिली खरेदी मी सुचवेन ती झेडएसएच-३ ची पूर्ण जोडी, आतली टोपी उन्हाळी, म्हणजे बिनलोकरीची. आणि ती ऑक्टोबरनंतर मागवा, भर पावसात कुरिअरच्या गोदामात आठ दिवस पडून राहायला नको. घेण्याआधी अस्तर, शिक्के आणि थ्रोट माइकचे फोटो इथे टाकलेत तर मी बघून सांगेन.