प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनवर अनेक आभासी संगणक चालवायचं सॉफ्टवेअर) जुन्या व्हीएममध्ये, म्हणजे आभासी संगणकात, रॉकी लिनक्स ९ टाकतोय, बूट होतानाच 'सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२' म्हणून कर्नल पॅनिक येतो (सिस्टीम तिथंच बंद पडते). प्रोसेसर बदलावा लागेल का?

नाही, व्हीएमचा सीपीयू टाईप 'केव्हीएम६४' वरून 'होस्ट' करा, बहुतेक तेवढ्यानंच काम होईल. केव्हीएम६४ हा मुद्दाम जुनाट दाखवलेला सीपीयू आहे, खाली कितीही नवा प्रोसेसर असला तरी आतल्या ओएसला एसएसई४.२ वगैरे नंतर आलेले सूचना-संच दिसतच नाहीत, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ नि तिच्यावरनं बनलेल्या रॉकी, अल्मा या व्ही२ च्या (प्रोसेसरला कुठल्या सूचना कळायला हव्यात त्याची एक ठरलेली पातळी) खाली चालत नाहीत, म्हणून ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) सुरुवातीलाच हात वर करते. प्रॉक्समॉक्स ८ पासून नवीन व्हीएम बनवताना डिफॉल्टच एक्स८६-६४-व्ही२-एईएस मिळतं पण आधी बनवलेला व्हीएम आपला जुनाच टाईप धरून बसतो. बदलल्यावर आतून रीबूट मारून उपयोग नाही, पूर्ण शटडाऊन करून परत स्टार्ट करा (इथंच लोक हमखास फसतात). फक्त क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या सर्व्हरमध्ये) वेगवेगळ्या पिढ्यांचे नोड, म्हणजे सर्व्हर, असतील आणि लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम बंद न करता दुसऱ्या नोडवर हलवणं) लागत असेल तर 'होस्ट' नको, सगळ्यात जुन्या नोडला झेपेल असा टाईप द्या, म्हणजे व्ही२-एईएस किंवा व्ही३, नाहीतर नव्या नोडवरनं जुन्यावर गेलेला व्हीएम चालता चालता आडवा होऊ शकतो.