हॉटप्लग केलेली डिस्क लाइव्ह मायग्रेशननंतर गायब का होते, आणि मायग्रेशन चालू असताना बदल का करता येत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: केव्हीएमवरच्या (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू व्हीएमला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, तुम्ही डिस्क हॉटप्लग केली, म्हणजे मशीन बंद न करता जोडली. नंतर व्हीएम चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर (प्रत्यक्ष सर्व्हरवर) हलवली, हेच लाइव्ह मायग्रेशन. सगळं नीट चाललं, पण व्हीएम बंद करून पुन्हा सुरू केल्यावर डिस्क नाही. शिवाय दुसऱ्या एका मायग्रेशनच्या मधेच नेटवर्क कार्ड जोडायला गेलात तर ‘स्टेट चेंज लॉक’ मिळत नाही म्हणून एरर आली.

लिबव्हर्ट (व्हीएमचं व्यवस्थापन करणारं सॉफ्टवेअर) एका व्हीएमची दोन एक्सएमएल, म्हणजे तिच्या डिव्हाइसांच्या नोंदी, सांभाळतं. एक आत्ता चालू असलेल्या क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) प्रोसेसचं, म्हणजे लाइव्ह. दुसरं पर्सिस्टंट, ते पुढच्या वेळी व्हीएम सुरू करताना वापरलं जातं. डिस्क जोडण्याच्या कमांडमध्ये तुम्ही फक्त ‘--लाइव्ह’ हा पर्याय दिला असणार. अशाने डिस्क पहिल्यातच जाते, दुसऱ्याला तिचा पत्ताच नसतो. गेस्टच्या (व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) आतून रीबूट केलं तर क्यूईएमयू प्रोसेस तीच राहते, त्यामुळे डिस्क दिसत राहते आणि आपला गैरसमज पक्का होतो. खरा निकाल शटडाउन करून पुन्हा स्टार्ट केल्यावरच लागतो. एक्सएमएल दाखवणारी ‘डम्पएक्सएमएल’ कमांड एकदा साधी चालवा (लाइव्हसाठी) आणि एकदा ‘--इनअॅक्टिव्ह’ लावून (पर्सिस्टंटसाठी), मग दोन्हींतला फरक बघा. कुठलंही मायग्रेशन करण्याआधी मी हे करतोच.

मायग्रेशनमध्ये ही दोन्ही एक्सएमएल वेगवेगळ्या वाटेने जातात. डेस्टिनेशनवर (नव्या होस्टवर) नवा क्यूईएमयू उभा राहतो तो लाइव्ह एक्सएमएलवरून. सोर्सवर (जुन्या होस्टवर) जे डिव्हाइस ज्या पीसीआय पत्त्यावर (व्हीएममधली डिव्हाइसची जागा) आहे, तिथेही ते त्याच पत्त्यावर लागतं. ‘--पर्सिस्टंट’ दिलंत तर सोर्सचं पर्सिस्टंट एक्सएमएलही सोबत जातं, अर्थातच डिस्क नसलेलं. म्हणजे मायग्रेशनने तुमची डिस्क काढलेली नाही, तिची नोंद आधीपासूनच अर्धवट होती. ‘--पर्सिस्टंट’ दिलं नाही तर व्हीएम डेस्टिनेशनवर तात्पुरती म्हणूनच राहते आणि बंद केली की तिची व्याख्याच नाहीशी होते. सोर्सवर मात्र जुनी व्याख्या उरते आणि कुणीतरी तीच पुन्हा सुरू करतो. म्हणून ‘--पर्सिस्टंट’ द्यावं आणि त्याच्यासोबत, सोर्सवरची व्याख्या काढणारं ‘--अनडिफाइनसोर्स’ही.

आता लॉकबद्दल. मायग्रेशन हे लिबव्हर्टच्या लेखी एक लांबलचक काम आहे, आणि ते संपेपर्यंत लॉक त्याच्याकडेच असतो. ते चालू असताना वेग किंवा डाउनटाइमची मर्यादा बदलणं, प्रगती पाहणं, काम रद्द करणं अशा मोजक्याच गोष्टी चालतात. डिव्हाइस जोडण्याची विनंती रांगेत थांबते आणि 30 सेकंदांनी एरर देते. हा बग नाही. डेस्टिनेशनचा क्यूईएमयू ठरलेल्या डिव्हाइसांसह आधीच उभा असतो. मधेच सोर्सवर नवं कार्ड लागलं तर त्याची स्टेट तिकडे उतरवायची कुठे? त्यामुळे क्यूईएमयूदेखील मायग्रेशनदरम्यान डिव्हाइस जोडू-काढू देत नाही. लॉक सुटावा म्हणून लिबव्हर्टचा डीमन (पार्श्वभूमीत चालणारी सेवा) रीस्टार्ट करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने मायग्रेशनच रद्द होऊ शकतं. घाई असेल तर ‘डोमजॉबअबॉर्ट’ने चालू मायग्रेशन रद्द करा, डिव्हाइस जोडा आणि मायग्रेशन पुन्हा सुरू करा.

लिबव्हर्टला बगल देऊन थेट क्यूईएमयू मॉनिटरवरून (क्यूईएमयूला आदेश देण्याची सोय) डिव्हाइस जोडण्याचा मोह होतो, तो टाळाच. लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये ते येत नाही, त्यामुळे डेस्टिनेशनवर ते उभंच राहत नाही. असं मेमरीचं झालं तर मायग्रेशन सुरुवातीलाच अडतं, कारण रॅम ब्लॉकांची यादी सगळ्यात आधी जाते. साध्या डिव्हाइसची स्टेट मात्र शेवटच्या टप्प्यात जाते. सगळी रॅम कॉपी होऊन गेल्यावर ‘अननोन सेव्हव्हीएम सेक्शन’ असा फटका बसतो. व्हीएम सोर्सवर पुन्हा चालू लागते, पण तेवढा वेळ वाया गेलेलाच असतो.

काढण्याची बाजू याहून फसवी आहे. ‘डिटॅच’ची कमांड यशस्वी झाली म्हणजे विनंती गेस्टकडे पोचली, एवढंच. गेस्ट ती डिस्क सोडेल तेव्हाच डिव्हाइस-रिमूव्ह्डचा इव्हेंट येतो, आणि गेस्टने सोडलंच नाही तर कधीच येत नाही. लाइव्ह आणि कॉन्फिग (पर्सिस्टंट एक्सएमएल बदलणारा) दोन्ही पर्याय दिले असतील तर अशा वेळी पर्सिस्टंटमधून डिस्क जाते, लाइव्हमध्ये राहते. कमांडवर विसंबून कुणी ते स्टोरेज डेस्टिनेशन होस्टवरून काढून टाकलं, की पुढचं मायग्रेशन तिथे डिस्क उघडता येत नाही म्हणून फसतं.

डिस्कचा पाथ किंवा ब्रिजचं (होस्टवरचा व्हर्च्युअल नेटवर्क स्विच) नाव दोन्ही होस्टवर वेगळं असेल तर ‘--एक्सएमएल’ने बदललेली फाइल देता येते. ती ‘डम्पएक्सएमएल --मायग्रेटेबल’वरून बनवा आणि फक्त होस्टच्या बाजूचं बदला. मॅक अॅड्रेस, पीसीआय पत्ते, मेमरी, सीपीयू हे गेस्टला दिसतं, त्याला हात लावलात तर लिबव्हर्ट नकार देतं. स्क्रिप्टमध्ये ही फाइल आदल्या दिवशी बनवून ठेवली आणि मधल्या काळात कुणी हॉटप्लग केलं, तर ती शिळी झाली. मायग्रेशनच्या अगदी आधी बनवावी. आणि ‘--पर्सिस्टंट’ वापरत असाल तर ‘--पर्सिस्टंट-एक्सएमएल’ही द्या, नाहीतर नव्या होस्टवरच्या पर्सिस्टंट नोंदीत जुनाच पाथ राहील.

क्यू35 (क्यूईएमयूमधला पीसीआयई वापरणारा मशीन-प्रकार) मशीनवर एक वेगळी अडचण येते: हॉटप्लगला रिकामा पीसीआयई रूट पोर्ट (डिव्हाइस जोडायची जागा) लागतो, असे पोर्ट व्हीएम बनवतानाच दोन-चार जास्तीचे ठेवावेत.

तुमच्या व्हीएमसाठी आत्ता: डिस्क लाइव्ह जोडून घ्या. मग लाइव्ह एक्सएमएलमधला तिचा भाग पीसीआय पत्त्यासकट उचला आणि ‘--कॉन्फिग’ने पर्सिस्टंटमध्ये घाला. पत्ता दिला नाही तर लिबव्हर्ट तिथे वेगळा पत्ता निवडू शकतं, आणि पुढच्या स्टार्टला गेस्टमध्ये डिस्कचं नाव बदलू शकतं. नेटवर्क कार्डाचंही तसंच, इंटरफेसचं नाव बदललं की गेस्टचं नेटवर्क उठत नाही. गेस्टच्या एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची याची फाइल) ‘/डेव्ह/व्हीडीबी’ असं डिस्कचं नाव लिहिलं असेल तर तिथे यूयूआयडी (नावावर अवलंबून नसलेला ओळख क्रमांक) टाका.