जुने कागद स्कॅन करून त्यांत शब्द शोधता यावेत यासाठी कोणतं सॉफ्टवेअर चांगलं? नंतर मूळ कागद टाकून दिले तर चालतील का?

कागद टाकू नका. सॉफ्टवेअरचं नंतर सांगते.

तुम्ही लिहिलंय की दोन पेट्या भरून जुने कागद आहेत, ते स्कॅन करून शोधण्याजोगे करायचेत आणि मग पेट्या रिकाम्या करायच्यात. अगदी हेच बोलणं तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात झालं आणि त्यापायी माझ्या आजीचं नाव पुसलं जाणार होतं. म्हणून लिहायला बसले.

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवस्थानचे छापील वार्षिक अहवाल आजोबांनी जपून ठेवले होते. वर्षाचा जमाखर्च, पालखीचा खर्च, शेवटी देणगीदारांची यादी. तीसेक अंक, सुतळीने बांधलेले. देवळाच्या तळीची, म्हणजे तळ्याची, डागडुजी निघाली तेव्हा समितीने ठरवलं की पूर्वी ज्यांनी तळीला हातभार लावला त्यांची नावं फलकावर घालायची, पण कागदोपत्री पुरावा हवा. आमची आजी सांगायची की तळीच्या पायऱ्या बांधल्या तेव्हा तिने हातातल्या दोन पाटल्या काढून दिल्या. आमच्याकडे महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार सभासदांच्या, यादीत बायकांची नावं कधी नव्हतीच. तिचं नाव असलंच तर या अहवालांतच असणार होतं.

माझ्या चुलतभावाने, आम्ही त्याला दादा म्हणतो, ते अंक एका दुकानातून स्कॅन करून आणले. चवथीला सगळे मूळ घरी जमलो होतो. जेवणं उरकल्यावर त्याने माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, बसून लॅपटॉप उघडला. 'पायऱ्या' टाइप केलं, काही नाही. 'तळी', काही नाही. 'सोने', 'पाटल्या', शेवटी आजीचं नाव. काही नाही. दादा म्हणाला, "बघ, सहाशे पानं शोधली, कुठेच नाही. म्हातारीची गोष्ट ती, आपण लहानपणी ऐकली." काकी मान खाली घालून जेवणाची पानं उचलत राहिल्या. आणि लगेच पुढचं वाक्य, "आता हे गठ्ठे रद्दीत देऊया, घराला वाळवी लागेल."

मी गठ्ठे पिशवीत भरले आणि कदंबाच्या बसने घरी आणले. तीन आठवडे रोज दुपारी एकेक पान वाचलं. १९६३-६४ चा अंक, पान ११, उजवा रकाना, खालून चौथी नोंद: 'तळीच्या पायऱ्यांचें कामास सोनें, पाटल्या २', आणि पुढे आजीचं नाव, आजोबांचं नव्हे. मला रडू आलं. ते पान हातात धरून मी तशीच बसून राहिले.

मग मी दादाची फाइल उघडली, तेच पान काढलं, आणि चित्राच्या मागे यंत्राने जो मजकूर दडवलेला असतो तो कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवला. तिथे होतं: 'तलीच्या पायन्यांचें'. ळ चा ल झालेला, कारण दुकानदाराने भाषा हिंदी निवडली होती आणि हिंदीवर शिकलेल्या यंत्राला ळ फारसा भेटलेलाच नसतो. ऱ्य चा न्य झालेला. मराठी ओसीआरची, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या तंत्राची, ही सगळ्यांत हमखास चूक आहे, 'दुसऱ्या'चं 'दुसन्या' तुम्हाला पानोपानी दिसेल. 'सोनें' यंत्राने बरोबर वाचलं होतं, पण दादाने शोधलं 'सोने', आणि काही प्रोग्रॅम अनुस्वाराचा फरक मानतात. अनुस्वाराचे हे जुने नियम १९६२ साली बदलले; छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याचा हात काही त्या वर्षी बदलला नाही. 'पाटल्या' रकान्याच्या कडेला तुटून 'पाट' एका ओळीत आणि 'ल्या' दुसऱ्या ओळीत गेलं होतं. आणि आजीच्या नावातला 'द्वा' झाला होता 'द्रा'. पाच शब्द, पाच वेगवेगळी कारणं. तिथे न सापडणं म्हणजे यंत्राला वाचता आलं नाही, एवढंच. कागदात नाही असा त्याचा अर्थ लावायचा अधिकार कुणाला नाही.

आता तुमचा प्रश्न. छापील मराठीसाठी टेसरॅक्ट वापरा. फुकट आहे. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ च्या सुमारास सुरू झालं, २००५ साली सर्वांसाठी खुलं केलं, पुढे गूगलने सांभाळलं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल जाळ्याची, म्हणजे नमुन्यांवरून शिकण्याची, पद्धत आल्यावर देवनागरीत खरा फरक पडला. मराठीचा डेटा वेगळा बसवावा लागतो, तो विसरू नका. एकाच पानावर मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही असतील तर दोन्ही भाषा एकत्र सांगता येतात. त्याच्या जोडीला ओसीआर-माय-पीडीएफ घ्या. ते पानाचं चित्र तसंच ठेवून मजकूर मागच्या थरात घालतं, वाकडं पान सरळही करतं. गूगल ड्राइव्हही मराठी बरं वाचतं, पण मजकूर वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये देतं, पानावर शब्द कुठे आहे ते कळत नाही. शिवाय जमिनीचे कागद दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवायला मला पटत नाही.

पण सॉफ्टवेअरपेक्षा स्कॅन महत्त्वाचं. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) खाली जाऊ नका, बारीक टाइप असेल तर ४००. काळं-पांढरं नको, करड्या छटांत किंवा रंगीत करा. आमच्या दुकानदाराने फाइल हलकी व्हावी म्हणून १५० वर काळं-पांढरं केलं होतं, त्यात झिजलेल्या खिळ्यांची शिरोरेखा जागोजागी तुटली आणि एका अक्षराची दोन झाली. कागद आपोआप ओढणाऱ्या यंत्रात जुनी पानं घालू नका, आणि शिवण कापू देऊ नका. पावसाळ्यात तर आमच्याकडे कागद सादळून एकमेकांना चिकटतात. हे काम मार्च-एप्रिलमध्ये करा.

आकड्यांवर अजिबात विसंबू नका. १ आणि ९ ची गल्लत झिजलेल्या छपाईत माणसाचीही होते. पण नुसतं स्कॅनही दगा देऊ शकतं, ओसीआर न करता. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की एका नावाजलेल्या कंपनीची ऑफिसातली यंत्रं बांधकामाचा नकाशा स्कॅन करताना खोल्यांची क्षेत्रफळंच बदलत होती. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे आकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा ठेवायचं. पान स्वच्छ दिसायचं आणि आकडा चुकीचा असायचा. अशा वेळी मूळ कागद रद्दीत गेलेला असेल तर चूक झाली हे तुम्हाला कळणार तरी कसं?

हाताने लिहिलेलं असेल तर टेसरॅक्टचा काही उपयोग नाही. आपल्या गोव्यात जुन्या घरांतले अर्धे कागद म्हणजे हस्तलिखित पोर्तुगीज दस्त. त्यांच्यासाठी ट्रान्सक्रिबस बघा, ते हस्ताक्षर वाचायला शिकवता येतं. पोर्तुगीज छापील असलं तरी १९११ च्या आधीचं असेल तर शुद्धलेखन वेगळं आहे, शोधताना जुन्या स्पेलिंगनेही शोधा. मोडी असेल तर जाणकाराकडेच जा. आणि श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या पीडीएफ असतील तर त्यांतला मजकूर कॉपी केल्यावर अगम्य इंग्रजी अक्षरं येतात. त्यांचंही पुन्हा ओसीआर करावं लागतं.

काम झालं की कुठलीही तीन पानं काढा, यंत्राचा मजकूर समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. शोधताना 'पायऱ्या' आणि 'पायन्या' दोन्ही टाका, अनुस्वारासह आणि अनुस्वाराशिवाय टाका. 'ऱ्य' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो, डोळ्यांना सारखाच दिसतो, पण एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. घरातली जी नावं महत्त्वाची आहेत त्यांची पानं डोळ्यांनी वाचून एका वहीत नोंदवा. कंटाळवाणं आहे, पण करा.

हे सगळं मी पन्नास-साठ वर्षांच्या जीर्ण छपाईबद्दल सांगते आहे. तुमच्या पेट्यांत अलीकडची वीजबिलं आणि लेझर प्रिंट असतील तर फोनवरचं साधं ॲप पुरेल, आणि ती बिलं टाकलीत तरी माझं काही म्हणणं नाही. मी संगणकाची माणूस नव्हे, हायस्कुलात मराठी शिकवत होते; टेसरॅक्टच्या कमांड टाइप करायला भाचीने शिकवलं. तुम्ही कागद छापील की हस्तलिखित आणि कोणत्या भाषेत ते लिहिलेलं नाही, ते कळवलंत तर नेमकं सांगता येईल. जमिनीचा, वारसाचा, देवस्थानच्या हक्काचा एकही मूळ कागद मात्र हलवू नका. वाद कोर्टात गेला तर आधी मूळच मागतात.

फलक अजून लागलेला नाही. समितीला मी पान ११ ची प्रत दिली आहे. दादा, तू हे वाचत असशील तर मूळ अंक माझ्या कपाटात आहे, वरच्या खणात. येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि काकींनाही घेऊन ये.