डबल बेल

"बाबांच्या मित्राला बोलावू का? की त्यांना आणखीच लागेल?" मुलगा विचारत होता. हा प्रश्न माझ्याकडे फार येतो.

वडील निवृत्त एसटी ड्रायव्हर. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दोन महिने कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे. ज्या कंडक्टरबरोबर मुक्कामाच्या गाड्या काढल्या, गाडीतच अंथरूण टाकलं, तो मित्र रोज फोन करायचा.

मी "बोलवा की" म्हणून मोकळी झाले. चुकलंच माझं. विचारायचं होतं बाबांना! अफेजियात, म्हणजे पक्षाघाताने वाचा जाते तेव्हा, शब्द सापडत नाहीत, पण समजतं बऱ्याच जणांना. मुलाने मित्राचा फोटो दाखवला, तर त्यांनी मान हलवली. नको. आम्ही विषय सोडला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच डाव्या हाताने फोटोकडे बोट केलं, मग हनुवटी चोळली. खुंट वाढले होते. 'नको' म्हणजे 'या अवतारात नको' एवढंच होतं.

दाढी झाली. मित्राला मी फोनवर बजावलं: "ओळखलंस का?" विचारायचं नाही, ओरडून बोलायचं नाही, कान शाबूत आहेत. एका वेळी एकच प्रश्न, उत्तराला वेळ द्या. अर्ध्या तासात उठा, थकवा फार येतो. रडले तर घाबरू नका. या आजारात रडू सहज फुटतं, प्रत्येक वेळी ते दुःखाचंच असतं असं नाही.

एवढं ऐकून आलेला माणूस दारातच गप्प झाला. चहा निवला. मग त्याने चमचा उचलला आणि स्टीलच्या पेल्यावर दोनदा वाजवला. टिंग टिंग. एक बेल थांबा, दोन बेल निघा.

बाबा हसले आणि एक सणसणीत शिवी हासडली. दोन महिन्यांतला पहिला स्पष्ट शब्द! सूनबाई लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या.

शिव्या, आकडे, आरत्या सवयीने तोंडात बसलेल्या असतात, म्हणून त्या कधीकधी टिकतात. वाचा परत आली असं मात्र समजू नका, स्पीच थेरपी चालूच ठेवायची. आणि मित्र येऊनही जेवण-झोप सुधारली नाही तर डॉक्टरांना सांगा. पक्षाघातानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य गाठतं, त्याला औषध आहे.

मित्र आता दर गुरुवारी येतो. बुधवारी संध्याकाळी दाढीचं सामान बाहेर काढावं लागतं.